महाराष्ट्रातलं उठून गेलेलं गाव शोधायचं आणि पाहायचं कसं

पळसदेवचं पाण्यातलं देऊळ पाहायला निघालेली मंडळी पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या पळसदेवात उतरतात, चहा घेतात आणि विचारतात, "जुनं गाव कुठंय?" समोरचा माणूस उजनीच्या पाण्याकडे हात करतो. महिना डिसेंबरचा, जलाशय तुडुंब, आणि जे पाहायचं ते तळाशी. किल्लारीला जाणारे नव्या किल्लारीतून फिरून परत येतात. कोकणात चार कुलुपबंद घरं दिसली की लगेच 'भुताचं गाव' म्हणून व्हिडिओ टाकला जातो आणि गणपतीत तेच गाव माणसांनी भरतं.

मोबाइलवरच्या ठिपक्यापासून सुरुवात केली की हे सगळं होतं. खाली दिलेला क्रम त्याच्या उलट आहे: आधी गाव का उठलं ते, मग कागद, मग नकाशा, मग माणसं, आणि प्रवास अगदी शेवटी. निम्म्याहून जास्त काम घरी बसून होतं. ते टाळलं तर पेट्रोल जळतं, बाकी काही हाती लागत नाही.

## पायरी १: गाव का उठलं, ते आधी ठरवा

कारण कळलं की कधी जायचं, कुणाला विचारायचं आणि तिथे कसं वागायचं, हे आपोआप ठरतं. महाराष्ट्रात ढोबळमानाने चार प्रकार भेटतात.

धरणात गेलेली गावं. भीमेवरच्या उजनीत गेलेलं जुनं पळसदेव, डिंभे धरणाखालचं जुनं आंबेगाव (तालुक्याला नाव याच गावाचं, कचेऱ्या मात्र घोडेगावात), कोयनेच्या शिवसागराखालची गावं, भाटघर आणि पवना जलाशयांतल्या वस्त्या, जायकवाडीच्या नाथसागरातली गावं. विदर्भात गोसीखुर्दच्या पाण्यासाठी गावं रिकामी झाली. इथे सगळा खेळ पाण्याच्या पातळीचा असतो.

जंगलातून हलवलेली गावं. मेळघाटातली बोरी, कोहा, कुंड, ताडोब्यातलं बोटेझरी, चांदोलीच्या आतली गावं. इथे परवानगी नसेल तर बाकीची तयारी फुकट.

आपत्तीनंतर सोडलेली गावं. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली कितीतरी गावं नव्या जागी वसवली गेली. जुन्या जागी जोती, दगडांचे ढीग आणि मधे उगवलेल्या बाभळी उरल्या. माळीण (जुलै २०१४), तळिये (जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (जुलै २०२३) ही दरडीखाली गेलेली गावंही याच यादीत बसतात. पण ती पाहायला जाऊ नका. इर्शाळवाडीत शोधकार्य थांबवलं तेव्हा पन्नासहून जास्त माणसं सापडलेली नव्हती. ती जागा पाहण्याची नाही, आणि कुठलंही कुतूहल त्याला कारण म्हणून पुरत नाही.

जुनी उजाड गावं. दुष्काळ, साथ, पाणी आटणं, लुटालूट अशा कारणांनी शंभर-दोनशे किंवा त्याहून जास्त वर्षांपूर्वी उठलेली. महसुली कागदात मराठवाडा-खानदेशाकडे यांना 'बेचिराख' म्हणतात, विदर्भात मौजाच्या (महसुली गावाच्या) नावापुढे 'रीठ' लागतं. वर दिसायला फारसं काही नसतं. पांढरीचा (जुन्या वस्तीच्या फिकट मातीचा) उंचवटा, खापऱ्या, एखादा मारुती, एखादी वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड). बहुतेक ठिकाणी त्यावर आज शेती आहे.

वसईच्या किल्ल्यातलं पोर्तुगीज शहर किंवा देवगिरीच्या तटबंदीतलं दौलताबाद ही संरक्षित स्मारकं आहेत. तिथे वेळ पाळायची, ठरलेले नियम पाळायचे. या लेखातली खटपट लागत नाही.

> थांबा: गाव खरंच ओसाड आहे का? तळकोकणात मुंबईकरांची बंद घरं म्हणजे ओसाड गाव नव्हे. शिमग्याला आणि गणपतीला दारं उघडतात. बीड जिल्ह्यातली बरीच गावं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. जानेवारीत तिथे फक्त म्हातारी माणसं आणि लहान मुलं दिसली, म्हणून गाव 'मेलं' असं लिहिणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा. गावात चालू वीजमीटर, ताजं सारवण, बांधलेलं जनावर यांतलं एक जरी दिसलं, तरी ते गाव राहतं आहे.

## पायरी २: कागदावर नाव पक्कं करा

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून या पायरीला वेळ द्या.

१. जनगणनेची जिल्हा पुस्तिका काढा. जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर जुन्या पुस्तिका मिळतात. तालुकावार गावांची यादी, लोकसंख्येसह. २०११च्या जनगणनेत राज्यात २,७०० च्या आसपास गावं निर्जन म्हणून नोंदली गेली. आकडा मोठा वाटतो, पण ही यादी म्हणजे ओसाड गावांची यादी समजू नका. त्यात कधीच वस्ती नसलेली वनक्षेत्रं आहेत, पाण्याखाली गेलेले मौजे आहेत, आणि ज्यांची वस्ती शेजारच्या गावाच्या हद्दीत सरकली अशी गावंही आहेत.

२. दोन जनगणना शेजारी ठेवा. उजनी १९८० साली पूर्ण झालं. म्हणून त्या भागात १९७१ आणि १९८१च्या याद्या ताडून पाहिल्या की कोणतं गाव रिकामं झालं, कोणतं नव्या जागी त्याच नावाने चालू राहिलं, ते कळतं. मेळघाटासाठी १९९१, २००१ आणि २०११ घ्या.

३. जिल्हा बदलला आहे का, ते पाहा. लातूर जिल्हा १९८२चा. त्यामुळे १९७१ची किल्लारी उस्मानाबाद जिल्ह्याच्या पुस्तिकेत शोधावी लागते. जालना आणि सिंधुदुर्ग १९८१चे, गडचिरोली १९८२चा, नंदुरबार आणि वाशीम १९९८चे, हिंगोली आणि गोंदिया १९९९चे, पालघर २०१४चा. रायगड जुन्या कागदांत कुलाबा म्हणून सापडतो. आता उस्मानाबादचं धाराशिव, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आहे, त्यामुळे ऑनलाइन शोधताना दोन्ही नावं टाका.

४. महाभूनकाशा या जमीन-नकाशांच्या सरकारी संकेतस्थळावर गावाचा नकाशा उघडा. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गट क्रमांकांचे तुकडे दिसतात. गाव उठून पन्नास वर्षं झाली तरी पुष्कळदा 'गावठाण' म्हणून एक तुकडा शिल्लक असतो. तुम्हाला हवी ती जागा नेमकी हीच. आजूबाजूच्या गट क्रमांकांचे सातबारे महाभूलेखवर पाहा. भोगवटादार म्हणून पाटबंधारे खातं दिसतं, वन विभाग दिसतो की शेतकऱ्यांची नावं, ते वहीत लिहून ठेवा. परवानगी कुणाची, याचं उत्तर इथेच मिळतं.

बुद्रुक आणि खुर्द एकत्र करू नका. दोन्ही गावं नदीच्या दोन काठांवर असू शकतात आणि त्यांतलं एकच उठलेलं असू शकतं. वाडीचं नाव मौजाच्या यादीत सापडलं नाही तर ती कोणत्या मौजात होती ते शोधा; जनगणना वाड्यांची वेगळी नोंद ठेवत नाही.

> तपासा: पुढे जाण्याआधी वहीत या गोष्टी असल्या पाहिजेत: मौजाचं नाव, तेव्हाचा आणि आताचा तालुका, गाव उठल्याचा साधारण काळ, लोक कुठे गेले, आणि आजचा जमीनधारक. एक जरी रकाना कोरा असेल तर पुढच्या पायरीतला जुना नकाशा उघडू नका.

## पायरी ३: जुना नकाशा आणि उपग्रहचित्र जुळवा

आजच्या मोबाइल नकाशावरचा ठिपका नव्या गावठाणावर असतो. जुनं गाव शोधायला जुना नकाशाच लागतो.

अमेरिकी लष्कराने १९५०च्या दशकात छापलेले भारताचे १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहातून फुकट उतरवता येतात. कोयना, उजनी, जायकवाडी यांच्या आधीचं नदीचं पात्र त्यांत दिसतं. प्रमाण भरड आहे, गाव ठिपक्याएवढंच. पण नदीच्या कोणत्या वळणावर, कोणत्या काठाला, हे कळायला तेवढं पुरतं. नावं रोमन लिपीतली आणि कधीकधी विचित्र असतात. मोठ्याने वाचून पाहा, बहुतेक उलगडतात.

सर्वे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. खुणांच्या सूचीत वस्ती असलेल्या आणि उजाड गावाला वेगवेगळी खूण दिलेली असते. नकाशा वाचायच्या आधी सूची पाहून घ्या. नकाशाच्या कडेला सर्वेक्षणाचं वर्ष असतं. छपाईचं वर्ष वेगळं. वर्ष चुकीचं धरलं की धरणाआधीचा नकाशा धरणानंतरचा वाटतो.

आता जुळवाजुळव. जुन्या नकाशावरून अक्षांश-रेखांश काढून थेट मोबाइलमध्ये टाकू नका. जुने नकाशे वेगळ्या मोजमापावर बेतलेले आहेत आणि जागा सरकते. त्याऐवजी न हलणाऱ्या खुणा धरा: टेकडीचा माथा, दोन ओढ्यांचा संगम, नदीचं ठळक वळण. अशा किमान तीन खुणांपासून गावाची दिशा आणि अंतर काढा, मग उपग्रहचित्रावर तीच जागा पाहा.

वरून गावठाण ओळखायचं कसं? देशावर आजूबाजूच्या काळ्या रानात फिकट मातीचा ठसा दिसतो, तीच पांढर. त्यावर चिंच, कडुलिंब, पिंपळ यांची मोठी झाडं, खाली वेडी बाभूळ. चारही बाजूंनी पायवाटा किंवा जुने गाडीरस्ते येऊन जिथे मिळतात आणि मधे काहीच नाही, तिथे थांबा. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पांढर कमी दिसते. तिथे उतारावरच्या भातखाचरांच्या पायऱ्या आणि रानाच्या मधोमध सरळ ओळीत उभे आंबे-फणस शोधा. आंबा आपण होऊन ओळीत उगवत नाही.

## पायरी ४: पाणी उतरलं का, ते आकड्यांवरून ठरवा

ही पायरी फक्त धरणातल्या गावांसाठी. इतरांनी पुढे जा.

बातमीत 'उजनी शून्यावर' वाचलं की लोक गाड्या काढतात. शून्य म्हणजे धरण कोरडं असा त्याचा अर्थ नाही. टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्यात न धरलेलं तळाचं पाणी. म्हणजे शून्य टक्क्यालाही निम्म्याहून जास्त पाणी आत असतं. त्याखाली पातळी गेली की आकडा 'उणे' लिहितात. २०२४च्या उन्हाळ्यात तो उणे साठच्या घरात गेला होता. पळसनाथाचं शिखर आधी दिसतं, मंडप आणि आवार पुष्कळ नंतर. शिखर दिसल्याच्या बातमीवर विसंबून गेलात तर पाय भिजवूनही देवळापर्यंत पोचणार नाही.

मग करायचं काय?

- युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं २०१५पासून उपलब्ध आहेत, साधारण दर पाच दिवसांनी एक, कोपर्निकस ब्राउझरवर फुकट. तिसऱ्या पायरीत ठरवलेली जागा उघडा.
- मागच्या काही वर्षांतले एप्रिल, मे, जूनचे दिवस पुढेमागे करत ती जागा नेमकी कोणत्या तारखेला उघडी पडली ते शोधा.
- त्या तारखेचा धरणसाठा जलसंपदा विभागाच्या रोजच्या अहवालातून किंवा त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून काढा.
- आजचा साठा त्या आकड्याखाली असेल तरच निघा.

हा एक आकडा एकदा वहीत आला की दरवर्षी तोच वापरता येतो. प्रत्येक गावासाठी तो वेगळा असतो. एकाच जलाशयात वरच्या अंगाचं गाव मार्चमध्ये उघडं पडतं आणि भिंतीजवळचं दहा वर्षांत एकदाही नाही. भिंतीजवळच्या गावाच्या मागे लागू नका.

> सावधान: पाणी उतरल्यावर निदान आठवडा-दोन आठवडे जाऊ द्या. पाणी हटलेल्या दिवशीचा गाळ माणसाला धरून ठेवतो.

## पायरी ५: आधी माणसं, मग परवानगी, मग वाट

जुनं गाव कुठे गेलं हे कागद सांगतात. आत काय होतं ते फक्त तिथून उठलेली माणसंच सांगतात. त्यांची नवी वसाहत शोधा. कोयना धरणग्रस्तांचं पुनर्वसन सातारा जिल्ह्यापुरतं नव्हतं. रायगड, ठाणे, रत्नागिरीपर्यंत ती माणसं विखुरली.

नव्या गावात गेल्यावर पहिली भेट सरपंच किंवा पोलीस पाटलांची घ्या. याला औपचारिकतेखेरीज कारण आहे. ओसाड गावात अनोळखी माणसं दिसली की गावकऱ्यांना पहिला संशय गुप्तधनवाल्यांचा येतो, आणि तो उगाच येत नाही. गुप्तधनासाठी रात्री खणणारे, अघोरी पूजा मांडणारे दरवर्षी पकडले जातात; जादूटोणाविरोधी कायदा, २०१३मध्ये त्यासाठी शिक्षा आहे. तुम्ही कोण, किती जण, कधी येणार आणि कधी परतणार, हे पाटलांना आधीच माहीत असलं की अर्धी अडचण संपते. कुदळ, फावडं, धातुशोधक यंत्र गाडीत सुद्धा नको.

बोलायचं कसं, यावर बरंच अवलंबून असतं. "ते भुताचं गाव कुठंय?" असं विचारलंत तर उत्तर मिळेल, पण पुढचं काही मिळणार नाही. "काका, तुमचं जुनं घर मारुतीपासून कुठल्या अंगाला होतं?" असं विचारा. म्हाताऱ्या माणसाच्या हातात कागद-पेन्सिल द्या आणि वेस, चावडी, आड, देवळं, मशीद, कुणाची आळी कुठे, हे काढायला सांगा. दिशा चुकल्या तरी मधे बोलू नका. एकाच घरी थांबू नका. आजींना वेगळं विचारा, पाणवठ्याच्या वाटा त्यांना जास्त ठाऊक असतात. दलित वस्तीतल्या माणसांकडेही आवर्जून जा. वेशीच्या आत राहिलेल्याने आणि बाहेर राहिलेल्याने काढलेला गावाचा नकाशा सारखा नसतो, आणि दोन्ही हवेत.

जुन्या ग्रामदैवताची जत्रा अजून जुन्या जागी भरते का, हे नक्की विचारा. भरत असेल तर पहिली खेप त्याच दिवशी ठेवा. वाट मळलेली असते, माणसं सोबत असतात, आणि जोत्यावर उभं राहून "हे आमचं" म्हणणारा माणूस भेटतो.

परवानगीचं थोडक्यात:

- व्याघ्रप्रकल्प, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२नुसार परवान्याशिवाय आत जाता येत नाही. हलवलेली गावं बहुधा गाभा क्षेत्रात असतात, आणि त्याच्या बऱ्याच भागात पर्यटकांची गाडीही जात नाही. विभागीय कार्यालयात लेखी अर्ज करा, कारण खरं लिहा, आणि नकार आला तर तो मुकाट्याने घ्या. आडवाटेने शिरणं हा गुन्हा आहे. शिवाय माणूस गेल्यावर ती जागा गव्या-अस्वलांची झालेली असते.
- जलाशयाचं पात्र: जमीन पाटबंधारे खात्याची. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या पट्ट्यात गाळपेर केलेली असते. कलिंगडाचे वेल, कडवळ तुडवत देवळाकडे जाणाऱ्यांनी पर्यटकांचं नाव खराब केलं आहे. बांधावरून जा, पीक घेणाऱ्याला विचारून जा.
- शेतातली पांढर: शेतकऱ्याची तोंडी परवानगी, पीक निघाल्यावर.
- ड्रोन: धरणाच्या भिंतीच्या आसपास उडवायचा विचारही नको. इतरत्र डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहून ठरवा.

> तपासा: सोबत येणारा स्थानिक माणूस ठरला का? नसेल तर तारीख पुढे ढकला.

## पायरी ६: सामान

फार नको. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, जाड पँट, खांद्याएवढी काठी, विजेरी, प्रत्येकी तीन लिटर पाणी, शिट्टी, प्रथमोपचाराचा डबा, कागदावर छापलेला नकाशा. जलाशयात आणि घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा ऑफलाइन उतरवूनही कागद हवाच. ११२ आणि १०८ सोबत वन विभागाचा १९२६ हा क्रमांकही वहीत लिहा. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का, ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. घोणस, फुरसं, मण्यार यांना दगडांचे ढीग फार आवडतात.

## पायरी ७: प्रत्यक्ष गावात शिरताना

सकाळी लवकर पोचा आणि चार वाजता परत फिरा. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा वारा अचानक सुटतो. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. होडीने जायचंच असेल तर सकाळी, आणि अंगात जीवरक्षक जाकीट घालून. नाखवा "काही होत नाही" म्हणाला तरी जाकीट काढू नका.

गाळ ओलांडताना वरच्या भेगाळलेल्या पापुद्र्यावर भरवसा ठेवू नका. वरून खडखडीत, खाली लोणी. पुढे काठी रोवून पाहा आणि गुरांच्या वाटेने चाला. खुराचा ठसा बोटभर खोल असेल तर पाय टाकायला हरकत नाही. खूर घोट्याएवढा रुतलेला दिसला की मागे फिरा. सगळे एकामागे एक, मधे दोन-तीन पावलांचं अंतर. पाय रुतलाच तर ओढाओढ न करता मागे बसा, वजन पसरा आणि काठी आडवी टाकून तिच्या आधाराने पाय हळूहळू मोकळा करा.

गावठाणात लगेच मधोमध घुसू नका. आधी बाहेरून एक पूर्ण फेरी मारा. पडकी वेस, मारुती, पार, विहिरी कुठे आहेत ते पाहा आणि म्हाताऱ्यांनी काढलेल्या कागदाशी ताडा. मग जुन्या गल्लीतूनच आत जा. गल्ली म्हणजे दोन ओळी जोत्यांच्या मधली मोकळी पट्टी. ती सोडून घरांच्या आत पाय टाकला की धोका सुरू होतो. तो तीन ठिकाणी असतो.

पहिलं पेव. देशावरच्या जुन्या घरांत, ओसरीखाली किंवा घरापुढच्या अंगणात धान्य साठवायला जमिनीत खोदलेली ही कोठी. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, वर दगडी झाकण. आत मात्र पोट एवढं रुंद की आत पडलेल्याला धरायला भिंत मिळत नाही. झाकण फुटलेलं असतं आणि वर गवत माजलेलं. जमिनीवर सपाट गोल खळगा दिसला किंवा पायाखालून पोकळ आवाज आला तर तिथून बाजूला व्हा. कुणी पेवात पडलं तर दुसऱ्याने त्याच्यामागे उतरू नये. बंद पेवात प्राणवायू कमी असतो आणि वाचवायला गेलेलाही आतच राहतो. वरून दोर सोडा आणि मदत बोलवा.

दुसरं माळवद. मराठवाड्यात लाकडी सरांवर माती टाकून केलेलं धाब्याचं छत अजून उभं असेल तर त्यावर चढू नका आणि त्याच्याखाली बसून डबाही खाऊ नका. सर वाळवीने पोखरलेले असतात. किल्लारीच्या भागातल्या जाड दगड-मातीच्या भिंती मजबूत दिसतात; आतला गारा पावसाने वाहून गेलेला असतो आणि दगड नुसते एकमेकांवर टेकलेले असतात. भिंतीच्या उंचीइतकं अंतर ठेवून चाला.

तिसरं आड आणि बारवा. कठड्याचे दगड सुटे असतात. वाकून फोटो काढायचा असेल तर पोटावर झोपून काढा, आणि दुसऱ्याने पाय धरावेत.

आग्या मोहोळ पिंपळावर असतं तसं देवळाच्या शिखराखालीही असतं. अत्तर, धूर, आरडाओरडा नको.

> थांबा: भूकंपाच्या गावांत लोकांची माणसं गेली आहेत. जोत्यावर चढून सेल्फी, भयपटाचं संगीत लावून रील हे प्रकार तिथे करू नका. ३० सप्टेंबरला श्रद्धांजलीला जुने रहिवासी येतात. त्या दिवशी कॅमेरा पिशवीत राहू द्या.

हात लावायचा नाही, म्हणजे नाही. जातं, उखळ, पाटा अजून घरमालकांच्या आठवणीत आहेत. वीरगळ, सतीशिळा, मूर्ती हलवली की ती कुठली होती हा पुरावाच संपतो. 'देवळात नीट ठेवूया' म्हणून उचलून आणलेल्या वीरगळी महाराष्ट्रभर देवळांच्या आवारात शेंदूर फासून उभ्या आहेत आणि त्यांचं मूळ गाव सांगता येत नाही. नाणी किंवा दागिने सापडले तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जागेवर फोटो काढा, तलाठ्याला सांगा, वस्तू तिथेच ठेवा.

## पायरी ८: नोंद कशी ठेवायची

फोटोंचा ढीग म्हणजे नोंद नव्हे. प्रत्येक ठिकाणी आधी दुरून एक, मग जवळून एक, आणि जवळच्या फोटोत मोजपट्टी किंवा निदान पेन. वहीत जागेचा क्रमांक, दिशा, काय आहे, आणि ते कुणी सांगितलं. 'इथे चावडी होती' आणि 'अमुक आजोबा म्हणाले इथे चावडी होती' यांत फरक आहे, दुसरं लिहा. पाण्यातल्या गावासाठी त्या दिवशीचा धरणसाठा तारखेखालीच टिपा.

परतल्यावर काढलेला नकाशा घेऊन पुन्हा त्याच माणसांकडे जा. फोटो दाखवले की आठवणी दुरुस्त होतात: आड मारुतीच्या मागे नव्हता, डावीकडे होता, ते जोतं देशमुखांचं नव्हे, शिंप्याचं. ही फेरी बहुतेक जण गाळतात आणि नेमकी तिथेच नोंद कच्ची राहते.

काही प्रसिद्ध करणार असाल तर माणसांची नावं त्यांना विचारून छापा. वीरगळ, मूर्ती, न उघडलेली पेवं यांचं अचूक स्थान टाकू नका, आणि फोटोत लपलेली स्थाननोंद आधी पुसा. गुप्तधनवालेही इंटरनेट वापरतात. जंगलातल्या गावाची वाट लिहू नका. एक छापील प्रत नव्या गावाच्या ग्रामपंचायतीत द्या. शक्यतो तिथल्या वाचनालयात किंवा देवळात फळ्यावर लावायला सांगा. उभ्याने वाचणारे लोक चुका काढतात, त्या पेन्सिलने तिथेच लिहून घ्या, आणि ऑनलाइन प्रत त्यानंतरच चढवा.